गाळात साचलेली उधारी

व्यापाराचा एक साधा नियम आहे. माल दुकानाबाहेर गेला म्हणून हिशेब संपत नाही. पैसे हाती येईपर्यंत ती नोंद वहीत राहते. वही कपाटात बंद करून ठेवली तरी उधारी बुडाली असे होत नाही, उलट व्याज चढत जाते. हा नियम आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. परंतु दुकानाच्या मागच्या दाराने जे बाहेर जाते, म्हणजे नाल्यात ओतलेले काळे तेल, रस्त्याकडेला जाळलेली केबल, विहिरीवर धुतलेला औषधाचा ड्रम, त्याच्या बाबतीत आपण हा नियम सोयीने विसरतो. पाण्यात सोडले, वाहून गेले, विषय संपला, असे आपण धरून चालतो.

विषय संपत नाही. वाहून गेलेली वस्तू कुठे तरी जाऊन बसते. ज्या रसायनांबद्दल आज लिहायचे आहे ती तर अशी बसतात की माणसाची एक पिढी संपली तरी उठत नाहीत. जालन्यासारख्या समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या जिल्ह्यातील व्यापारी व कारागिरांनी समुद्राच्या तळातील गाळाची चिंता का करावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

नाला कोठे जातो?

जालना शहर कुंडलिकेच्या काठी वसले आहे. शहराचे सांडपाणी, गॅरेजच्या दारातील तेल, कारखान्यांच्या आवारातून पावसात वाहणारे पाणी, सारे शेवटी याच नदीत उतरते. कुंडलिका पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून तेलंगणात जाते आणि राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे जालन्याच्या नाल्याचे दुसरे तोंड समुद्रात आहे.

वाटेत धरणे आहेत, बंधारे आहेत. पाणी तेथे थबकते आणि गाळ खाली बसतो. म्हणून सगळेच समुद्रापर्यंत पोचते असे नाही. काही निम्न दुधनेच्या तळाशी राहते, काही गोदावरीच्या बंधाऱ्यांमागे राहते, आणि मोठ्या पुरात ढवळून निघालेले पुढे सरकते. पण जेथे जेथे पाणी संथ होते तेथे तेथे बारीक गाळ बसतो आणि त्याच्याबरोबर त्याला चिकटलेले विषही बसते. नदीच्या मुखाशी गोडे पाणी खाऱ्या पाण्याला भेटते तेव्हा मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि झपाट्याने तळ गाठतात. त्यामुळे खाड्या आणि नदीमुखे ही अशा पदार्थांची शेवटची गोदामे बनतात.

हा नुसता तर्क नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात समुद्रतळातील गाळाचे नमुने तपासले. अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगतच्या गाळात आणि बंगालच्या उपसागराच्या गाळातही त्यांना डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे अंश मिळाले. समुद्राच्या तळाशी कोणी कापूस पेरत नाही, की मलेरियाची फवारणी करीत नाही. ते अंश जमिनीवरून गेलेले होते. शेतातून, घरांच्या भिंतींवरून, नाल्यांतून आणि काही वाऱ्यावर स्वार होऊन.

न विटणारा माल

कोणतीही सेंद्रिय वस्तू, म्हणजे शेण, पालापाचोळा, उष्टे अन्न, मातीत पडली की काही दिवसांत कुजते. जिवाणू तिला खाऊन टाकतात. मग डीडीटी, बीएचसी, एन्डोसल्फान, ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरले गेलेले पीसीबी तेल, केबल जाळताना तयार होणारे डायॉक्सिन हे का कुजत नाहीत? यांच्या रचनेत कार्बनला क्लोरिन घट्ट जोडलेला असतो. ही गाठ सोडवणे बहुतेक जिवाणूंना जमत नाही. ऊन आणि हवा मिळाली तर काही प्रमाणात विघटन होते. परंतु पाण्याच्या तळाशी ऊन पोचत नाही, गाळाच्या आत प्राणवायू नसतो आणि समुद्रतळाशी थंडी असते. त्यामुळे शेताच्या वरच्या थरात काही वर्षे टिकणारे विष गाळात कित्येक दशके टिकते. डीडीटी मोडला तरी त्यापासून डीडीई आणि डीडीडी हे पदार्थ होतात, आणि तेही तितकेच चिवट आहेत. बापाची उधारी लेकाच्या नावावर चढावी तसे हे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या पदार्थांना पाणी आवडत नाही, चरबी आवडते. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एका लिटरमध्ये फार तर काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश भाग. मग तो पाण्यात पडला की आधार शोधतो. मातीचा सूक्ष्म कण आणि त्यावरील कुजलेल्या पालापाचोळ्याचा चिकट थर हा त्याचा आवडता आधार आहे. वाळूपेक्षा चिकणमाती त्याला जास्त धरून ठेवते, कारण कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त. आपल्या मराठवाड्याची काळी माती ही अशा बारीक कणांची माती आहे. पावसात वाहणारे गढूळ पाणी म्हणजे या विषाची मालगाडीच होय.

गाळ एकावर एक थर घालून बसतो, म्हणून त्यात नोंदही राहते. शास्त्रज्ञ समुद्रतळात लांब नळी खुपसून गाळाचा उभा खांब बाहेर काढतात आणि प्रत्येक थराचे वय ठरवतात. जगातील अनेक खाड्यांच्या गाळात डीडीटी कोणत्या थरात सुरू झाला, कधी वाढला आणि बंदीनंतर कधी घटला हे असे वाचता येते. म्हणजे ज्यांनी पाण्यात टाकले ते गेले, पण वही शिल्लक आहे. पूर आला, यारीने गाळ उपसला किंवा तळातील किडे-खेकड्यांनी तो उकरला की जुन्या थरांतील विष पुन्हा पाण्यात येते. वापर बंद झाल्यावरही काही वर्षे गाळच प्रदूषणाचा झरा होऊन बसतो.

थेंबाचे ताटात काय होते?

पाण्यात अंश इतका कमी असेल तर बिघडते कुठे, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. दहा लाख लिटर पाण्यात ३ मिलिग्रॅम डीडीटी आहे असे धरा. पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या शरीरात ते प्रमाण किलोला ०.०४ मिलिग्रॅम होते. त्यांना खाणाऱ्या लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २ आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५ मिलिग्रॅम होते. पाण्यातील प्रमाणाच्या हे ऐंशी लाखांहून अधिक पट झाले. कारण सरळ आहे. खाणारा अन्न पचवतो, पण त्यातील हे विष पचत नाही. ते चरबीत जाऊन बसते, आणि त्याला खाणाऱ्याच्या चरबीत अधिक जमा होते. डीडीईमुळे मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांची टरफले पातळ होऊन अंडी फुटत असल्याचे अमेरिकेत व युरोपात दिसून आले होते.

माणूस या साखळीच्या वरच्या टोकाला आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक अन्नातून येते, मुख्यतः मांस, दूध व दुधाचे पदार्थ, मासे यांतून. शरीरातील डायॉक्सिनचे प्रमाण निम्मे व्हायला ७ ते ११ वर्षे लागतात. आईच्या दुधातून ते बाळाकडे जाते. केबल जाळल्यावर उरलेली राख ज्या गवतावर बसते ते गवत शेळी खाते, आणि शेळीचे दूध कोणत्या घरात जाते ते वाचकांना सांगायला नको. धूर ज्याने केला त्याच्याच ताटात तो परत येतो.

या पदार्थांच्या घातकतेबद्दल आता वाद राहिलेला नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सर्वांत घातक डायॉक्सिनला १९९७ मध्ये, पीसीबींना २०१३ मध्ये आणि लिन्डेनला २०१५ मध्ये कर्करोगास कारणीभूत पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. केरळातील कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले गेले, आणि तेथील घराघरांतील आजारी मुलांचा प्रश्न देशभर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये या औषधाचे उत्पादन व विक्री थांबवली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. हेच एन्डोसल्फान आपल्याकडे कपाशीवर सर्रास मारले जात होते. बीएचसीची भुकटी १९९७ पर्यंत मिळत होती. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला, पण त्याआधीची तीन-चार दशके तो भरपूर वापरला गेला.

बाहेरच्यांनी भरलेली बिले

व्यापारी वाचकांना पैशाची भाषा लवकर कळते, म्हणून दोन हिशेब मांडतो.

अमेरिकेतील हडसन नदीच्या काठी जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे विजेचे कपॅसिटर बनवण्याचे दोन कारखाने होते. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत तेथून सुमारे १३ लाख पौंड, म्हणजे जवळपास ५९० टन पीसीबी नदीत गेले असावे असा अंदाज आहे. त्या काळी ते स्वस्त होते. पुढे मासेमारीवर बंधने आली, खटले झाले आणि अखेर २००९ ते २०१५ या काळात कंपनीला नदीच्या तळातील सुमारे २० लाख घनमीटर गाळ उपसून बाहेर न्यावा लागला. खर्च दीडशे कोटी डॉलरच्याही वर गेला. टाकताना फुकट होते, काढताना अब्जावधी रुपये पडले. आणि इतके करूनही नदी पूर्ण स्वच्छ झाली असे कोणी म्हणत नाही.

दुसरा हिशेब बेल्जियमचा. १९९९ च्या सुरुवातीस तेथे जुन्या चरबीचा पुनर्वापर करणाऱ्या साखळीत ट्रान्सफॉर्मरचे पीसीबी तेल मिसळले गेले. ती चरबी सुमारे ५०० टन पशुखाद्यात गेली. कोंबड्या आजारी पडू लागल्या, अंडी उबेनात. बातमी फुटली तेव्हा दुकानांतून अंडी, कोंबड्या, मांस, लोणी उचलावे लागले, अनेक देशांनी बेल्जियमचा माल नाकारला आणि जूनच्या निवडणुकीत तेथील सरकार पडले. हे सगळे काही डबे तेलामुळे झाले. भंगार आणि टाकाऊ मालाचा व्यवसाय किती जबाबदारीचा आहे हे यावरून ध्यानात यावे.

चामड्याचा धडा

हे परदेशचे झाले, पण आपल्या कारागिरांनीही असे बिल भरलेले आहे. चामड्याला बुरशी लागू नये म्हणून कातडी कमावताना पेन्टाक्लोरोफिनॉल वापरीत असत. हे त्याच क्लोरिनवाल्या कुळातले रसायन. १९८९ च्या अखेरीस जर्मनीने त्यावर बंदी घातली आणि किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश असलेला माल नाकारायला सुरुवात केली. भारताचे चामडे तेथे मोठ्या प्रमाणात जात होते. निर्यातदारांची धांदल उडाली, माल अडकला आणि छोट्या कारखानदारांना नवे रसायन शोधेपर्यंत हाल सोसावे लागले. भारत सरकारने १९९१ मध्ये त्या रसायनावर बंदी घातली. ज्यांनी आधीच पर्याय शोधला होता त्यांची गिऱ्हाईके टिकली. ज्यांनी कायदा येईल तेव्हा पाहू म्हटले त्यांची गेली. कायदा हा नेहमी उशिरा येतो, पण आला की एका रात्रीत येतो. शहाण्या व्यापाऱ्याने त्याची वाट पाहू नये.

२००१ मध्ये स्टॉकहोम येथे या चिवट विषांविरुद्ध जागतिक करार झाला. तो २००४ मध्ये अमलात आला आणि भारताने जानेवारी २००६ मध्ये त्यास मान्यता दिली. वाचकांनी लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ज्या धंद्यांतून नकळत डायॉक्सिन तयार होते त्यांच्या यादीत तांब्याच्या केबल जाळणे, जुनी वाहने तोडणे, टाकाऊ तेलाचे शुद्धीकरण आणि क्लोरानिल वापरून कापड-चामडे रंगवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय करारात आपल्या गल्लीतील धंद्यांची नोंद झालेली आहे. आपल्याला त्याची खबर नाही, एवढेच.

आपल्या धंद्यातील चार गोष्टी

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण जुनी आहे. कापूस, बी-बियाणे आणि लोखंडी सळ्या यांनी तिला नव्या काळात अर्थ दिला. सळ्यांच्या भट्ट्या भंगारावर चालतात आणि ते भंगार गोळा करणारे, तोडणारे, वेगळे करणारे हात मोठ्या प्रमाणात आपल्या बिरादरीचे आहेत. गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग या कामांतही आपले कारागीर आहेत. म्हणून पुढील चार गोष्टी आम्ही स्पष्टपणे मांडतो.

पहिली, केबल जाळणे. प्लास्टिकच्या आवरणात क्लोरिन असतो आणि आत तांबे असते. अर्धवट, धुमसत्या जाळात तांबे हेच डायॉक्सिन बनण्यास मदत करते. म्हणजे विष तयार करण्याची इतकी सोपी कृती दुसरी नसेल. आणि हे कशासाठी? जळालेले तांबे काळे पडते, त्याचा भाव सोललेल्या चकचकीत तारेपेक्षा कमी मिळतो. शिवाय प्लास्टिक जळून जाते, जे सोलून वेगळे केले तर विकता येते. हाताने फिरवायची केबल सोलण्याची यंत्रे बाजारात मिळतात. चार-पाच छोट्या दुकानदारांनी मिळून एक घेतले तरी भागेल. जाळणारा स्वतःचा माल स्वतःच्या हाताने स्वस्त करतो. शिवाय डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकरणात ५ हजार व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली आहे.

दुसरी, ट्रान्सफॉर्मरचे तेल. जुने ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर तोडायला येतात तेव्हा आतले तेल वेल्डिंग मशीनसाठी विकले जाते, किंवा जमिनीवर ओतले जाते. बहुतेक ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेल असते, पण जुन्या मालात पीसीबी असू शकते आणि ते डोळ्यांना किंवा नाकाला ओळखू येत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०१६ च्या आदेशाने पीसीबीचे उत्पादन व आयात बंद केली आणि वापर पूर्ण थांबवण्यास ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घातली. म्हणून तेलाचा चाचणी अहवाल मागितल्याशिवाय जुना ट्रान्सफॉर्मर लिलावात घेऊ नये. वेल्डर बांधवांनी असले तेल हाताला लागू देऊ नये, आणि कोणी अंगदुखीवर चोळायला सांगितले तर मुळीच ऐकू नये.

तिसरी, गॅरेजचे काळे तेल. इंजिनात जळून निघालेल्या तेलात कर्करोगाला कारण होणारी संयुगे आणि धातूंचे कण असतात. तेही गाळाला चिकटून बसते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत हे तेल घातक कचरा म्हणून धरलेले आहे आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावयाचे असते. एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे या तेलाला आता गिऱ्हाईक आहे. नाल्यात ओतणारा पैसाच ओततो.

चौथी गोष्ट आम्हास सर्वांत गंभीर वाटते. कीटकनाशकांचे रिकामे ड्रम व डबे भंगारात येतात, नाल्यावर किंवा विहिरीजवळ धुतले जातात आणि पाणी साठवण्यासाठी विकले जातात. जालना जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आहे. टँकर यायचा तेव्हा दारोदारी ड्रमांची रांग लागायची. त्या रांगेतील कोणता ड्रम आधी कशाचा होता हे कोण सांगणार? विष प्लास्टिकच्या भिंतीत मुरते, एकदा धुतल्याने जात नाही. धुतलेले पाणी तर थेट ओढ्यात जाते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत अशी भांडी फोडून, वस्तीपासून दूर पुरून टाकावीत, त्यांचा पुन्हा वापर होऊ देऊ नये, असे सांगितलेले आहे. ज्या पाण्यासाठी माणसे रात्र जागतात त्या पाण्यात विष मिसळून कमावलेला पैसा आपल्या घरात येऊ नये. त्याला कमाई म्हणता येत नाही. या व्यवहारात कोणतीही सवलत, कोणतीही सबब आम्हास मान्य नाही.

दोष कोणाचा?

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. प्रदूषणाचा विषय निघाला की शहरातील बोटे प्रथम भंगारवाल्याकडे वळतात. त्याचे दुकान रस्त्यावर असते, त्याचा धूर दिसतो. पण ज्याने विषारी औषध बनवले आणि विकले, त्याने रिकामा डबा परत घेण्याची व्यवस्था केली का? ज्याने जुना ट्रान्सफॉर्मर लिलावात काढला, त्याने आतल्या तेलाची तपासणी करून दिली का? ज्या मोठ्या भट्टीने तेलकट, रंगीत, प्लास्टिक लागलेले भंगार स्वस्त पडते म्हणून घेतले, तिने स्वच्छ मालाला वेगळा भाव दिला का? साखळीचा सर्वांत गरीब माणूस सर्वांत जास्त धूर पितो आणि दंडही तोच भरतो, हा न्याय नव्हे. दहा रुपये किलोच्या नफ्यावर जगणाऱ्याकडून नियम पाळून घ्यायचे असतील तर पाळता येतील अशी सोय आधी करावी लागेल.

पण दुसऱ्याचा दोष दाखवून स्वतःचा दोष धुतला जात नाही, हेही तितकेच खरे. कंपनी चुकली म्हणून आपल्या शेजारच्या मुलाच्या नाकात धूर जाऊ देण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता आल्या पाहिजेत. आपली चूक थांबवणे, आणि मोठ्यांकडे जाब मागणे. पहिली गोष्ट करणाऱ्याच्या तोंडीच दुसरी शोभते.

गाळ शेतात जातो तेव्हा

आणखी एक मुद्दा जालन्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या जिल्ह्यात तलावांचा गाळ काढून शेतात पसरण्याची चांगली चळवळ उभी राहिली. घाणेवाडी जलाशयातील गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला आणि शेतकऱ्यांनी तो नेला. राज्य सरकारनेही २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. तलावाचा गाळ म्हणजे शेताचे सोने, यात शंका नाही. घाणेवाडी शहराच्या वरच्या अंगाला आहे. पण शहराच्या खालच्या अंगाला, नाले मिळाल्यानंतरचा नदीचा गाळ आणि वरच्या तलावाचा गाळ यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. नदी स्वच्छ करण्याची कामे निघतात तेव्हा उपसलेला काळा, तेलकट गाळ भाजीच्या मळ्यात पसरण्यापूर्वी तो प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, अशी मागणी नगरातील व्यापारी संघटनांनी केली पाहिजे. नाही तर नदीतून काढलेली उधारी आपण शेताच्या नावावर चढवू आणि ती भाजी, चारा, दूध यांच्या वाटेने वसूल होईल.

करण्यासारखे

आमची सूचना अशी आहे की, भंगार व्यापारी, गॅरेजवाले आणि रिवाइंडिंग कारागीर यांनी तालुक्याच्या ठिकाणी एकत्र बसावे. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या बाजारपेठांतून सुरुवात करावी. केबल सोलण्याचे सामाईक यंत्र, काळ्या तेलासाठी एक सामाईक टाकी आणि परवानाधारक खरेदीदाराशी एकच करार, एवढे केले तरी निम्मा प्रश्न सुटेल. एकट्या दुकानदाराचे दहा-वीस लिटर तेल न्यायला कोणी येत नाही, शंभर दुकानांचे न्यायला गाडी दाराशी येते. कीटकनाशकाचे डबे फोडल्याशिवाय विकत घ्यायचे नाहीत आणि अख्खा ड्रम पाण्यासाठी विकायचा नाही, असा ठराव करून तो दुकानावर लावावा. औषध विक्रेत्यांकडे व कंपन्यांकडे रिकाम्या डब्यांच्या परतीची मागणी लेखी करावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाने नुसत्या नोटिसा काढण्याऐवजी मराठीत व उर्दूत साधी माहितीपत्रके छापावीत आणि परवान्याचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिर घेऊन करून द्यावे, यासाठी संघटनेने निवेदन द्यावे.

तरुण मुलांना आमचे विशेष सांगणे आहे. भंगाराचा धंदा आता हलका राहिलेला नाही. लोखंड, तांबे, प्लास्टिक वेगळे करून पुन्हा कारखान्यात पोचवणारा माणूस देशाची खाण वाचवतो. परवाना, वजनाची पावती, स्वच्छ वेगळा केलेला माल, हे ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे मोठी गिऱ्हाईके स्वतः येतील, कारण त्यांनाही आता कागद दाखवावे लागतात. जो जाळीत राहील तो गल्लीतच राहील.

‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी आपल्या अनेक दुकानांत लावलेली असते. नदीच्या काठी मात्र आपण आजवर उलटी पाटी लावली. आज उधार घेतले, आणि फेड उद्याच्या मुलांवर टाकली. कुंडलिकेच्या तळापासून बंगालच्या उपसागरापर्यंत ती उधारी थराथराने साचून आहे. जुनी फेडायला पिढ्या लागतील. निदान नवी चढवू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.